लागू नसेल ते खोडा

फॉर्मच्या चौथ्या रकान्यात छापलेलं असायचं:
सैनिक हयात / दिवंगत / अपंग.
आणि खाली बारीक अक्षरात, लागू नसेल ते खोडा.

पहिल्या वर्षी मी पेन धरून बसले
दिघीच्या आमच्या दोन खोल्यांत, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
दिवंगत खोडलं. ते सोपं होतं,
तरी आईने वाकून पाहिलं, रेघ नीट जाड आलीय ना.
अपंगपाशी अडले.
तोफखान्यात सोळा वर्षं,
आणि मेडिकल बोर्डाने दिलेलं अठरा टक्के बहिरेपण.
विसाच्या खालचं मोजत नाहीत.
"खोड," पप्पा म्हणाले, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं.
त्यांचं सगळंच तसं.

शिष्यवृत्तीचं ऑफिस म्हणजे नळ स्टॉपमागच्या इमारतीत
दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली.
एक टेबल, लोखंडी कपाट, आणि फोटोत
लेफ्टनंट अद्वैत किरकिरे, वय तेवीस,
ज्यांच्या नावाने दर जुलैत मला बारा हजारांचा चेक मिळे.
किरकिरे बाई पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लावायच्या
ओल्या स्पंजावर टेकवून, अगदी सरळ,
आणि विचारायच्या, "मेसचं जेवण बरं असतं का गं?"
कुजबुजत.
त्या खोलीत सगळेच कुजबुजायचे.
हिशेब बघायला टिळक रोडवरून येणारे सीए,
सातारकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या बायका,
शिंक दाबून धरणारी त्यांची पोरं.
फोटोतल्याची झोप मोडेल की काय, असं.

पप्पा खालीच थांबायचे.
लोकांच्या स्कूटरींच्या मधे, पाय फाकवून, हात पाठीमागे.
"माझा आवाज वर नको,"
हे म्हणायचे, आणि तेही वर ऐकू यायचं.

बी. फार्म. संपलं, एम. फार्म. लागलं.
दर वर्षी आभाराचं पत्र लिहायचं असे.
सहाव्या वर्षी लिहिताना अडखळले:
मला चोवीस लागलं होतं.
ज्यांच्या लिहू की ज्याच्या?
अहो म्हणत होते तो आता माझ्याहून लहान,
गालावर मुरमाची खूण असलेला,
कॉलर जरा मोठी झालेला एक मुलगा.
पत्र तसंच अर्धं ठेवून गेले.

त्या दिवशी खाली रंगकाम चाललं होतं,
पार्किंगमध्ये बांबूंची परात उभी, वॉचमनने हटकलं,
म्हणून पप्पा वर आले.
चपला दाराबाहेर, जोडून. खुर्ची नको म्हणाले.
फोटोकडे बघितलं, खांद्यावरच्या पट्टीकडे,
आणि मैदानाच्या त्या टोकाला विचारावं तसं विचारलं,
"पलटण कोणती साहेबांची?"

सीएंचं पेन थांबलं.
बाईंनी सांगितलं. नुसते ओठ हलले.
"मोठ्यानं बोला ताई, मला कमी येतं."
पुन्हा सांगितलं. पप्पांनी कानामागे तळवा धरला.
तिसऱ्यांदा किरकिरे बाई उठल्या,
टेबलावर दोन्ही हात रोवून ओरडल्या:
मुलाचं नाव, पलटण, ती टेकडी, ती तारीख,
त्याला खिचडी पातळच लागायची हेसुद्धा,
समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई
हातातला टॉवेल तसाच धरून वळेपर्यंत.

"आता आलं," पप्पा म्हणाले.

बाई बसल्या. पाणी प्यायल्या.
स्टॅम्प तिरका लागला, त्यांनी तो तसाच राहू दिला.
"पुढच्या वेळी वरच या," म्हणाल्या. मोठ्याने.
पुढची वेळ नव्हती, माझा तो शेवटचा चेक.
मी काही बोलले नाही.

बसमध्ये पप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.
मग संचेतीच्या चौकात, सिग्नलला,
सगळ्या बसला सांगितलं:
"खिचडी पातळच चांगली."